तेराशे किलोमीटर, पंचेचाळीस मुलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातले सहा मित्र, वय पंचवीस ते चाळीस, सगळे नोकरी-धंद्यातले. विडी कामगारांच्या आणि वीटभट्टीवरच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका लहान शाळेला मदत म्हणून त्यांना सोलापूर ते कन्याकुमारी सायकलने जायचं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, आठ दिवसांत पोहोचायचं आणि पाच-सहा लाख उभे करायचे. सायकल कोणती घ्यावी, रोज किती अंतर कापावं आणि प्रायोजक कसे मिळवावेत, असं त्यांनी विचारलं आहे. मी गेली चौदा वर्षं लांब पल्ल्याच्या मोहिमा काढते. त्यातल्या सहा मोहिमा शाळांसाठी होत्या. त्या अनुभवावरून लिहिते.

सायकलीचं नंतर बोलू. आधी शाळेत जा. सहाही जण, एक अख्खा दिवस, फोटो न काढता. मागे सतरंजीवर बसा आणि हजेरीपट पाहायला मागा. जूनमध्ये किती मुलं होती, दिवाळीनंतर किती उरली, हे बघा. पाऊस संपला की वीटभट्ट्या सुरू होतात, ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास हलतात आणि पटावरची मुलं आईबापांमागे निघून जातात. विडीच्या घरातलं मूल गावातच राहतं, पण ते वेगळ्या रीतीने हातचं जातं. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, टोकं मुडपायची. मजुरी मिळते हजार विड्यांमागे. आईचा हजाराचा हिशेब पुरा व्हायला मुलीचे हात लागतात, मग ती मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात दिसत नाही. हे हजेरीपटात दिसतं. वार्षिक अहवालात दिसत नाही.

मग बाईंना विचारा, पैसे आले तर आधी कशाला हवेत? मी सहा शाळांत हा प्रश्न विचारला आणि सहाही ठिकाणी थोड्या आढ्यावेढ्यानंतर उत्तर आलं ते पगाराचं. बाई टिकल्या की मुलं टिकतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. मराठी न समजणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला तेलुगूतून जवळ घेणारी शिक्षिका दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून दुसरीकडे गेली, तर त्या मुलाचं वर्ष गेलं. पण पगारावर कुणाचं नाव लिहिता येत नाही. बाकावर येतं, संगणकावर येतं, खोलीच्या दारावर संगमरवरी पाटी बसवता येते. म्हणून देणगीदार बाकं देतात आणि तुमच्यासारख्या मोहिमाही बाकांसाठीच निघतात. तुम्ही पगारासाठी निघा, आणि लोकांना तसं उघड सांगा.

आता आकडा. पाच-सहा लाख हा आकडा तुम्ही बहुतेक गोल म्हणून धरलाय. तो शाळेच्या खर्चातून काढा. उदाहरण म्हणून मांडते, तुमच्या शाळेचे खरे आकडे त्यात घाला. शाळेत ४५ मुलं आहेत असं धरू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक लागतात. दोन शिक्षिकांना दरमहा १५,००० धरले तर वर्षाचे ३,६०,००० झाले. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी लागते. रोजच्या खाऊचे मुलामागे १५ रुपये धरले तर १,३५,०००. वह्या, दप्तर, गणवेश मुलामागे १,५०० प्रमाणे ६७,५००. वीज, पाणी, डागडुजी मिळून ३७,५००. बेरीज बरोबर सहा लाख, म्हणजे एका मुलाचं एक वर्ष १३,३३३ रुपयांचं.

सोलापूर ते कन्याकुमारी हे अंतर विजापूर, होस्पेट, बंगळूर, मदुराई मार्गे साधारण १,३०० किलोमीटर आहे. कुणी किलोमीटरमागे दहा रुपये दिले तर १३,००० होतात, जवळजवळ एका मुलाचं वर्ष. सहा जणांनी प्रत्येकी आठ असे दाते मिळवले तर ४८ दाते आणि ६,२४,००० रुपये. दारात उभं राहून एका दमात सांगता येईल असा हिशेब असावा लागतो. ‘काका, किलोमीटरला दहा रुपये, तेरा हजारांत एक मूल वर्षभर शिकतं’ हे वाक्य सांगता येतं. ‘वंचितांच्या शिक्षणासाठी यथाशक्ती मदत करा’ म्हटलं की समोरचा माणूस खिशात हात घालून शंभराची नोट काढतो, आणि त्यात त्याची चूक नाही. आपण त्याला काही सांगितलेलंच नसतं. ज्यांना तेरा हजार झेपणार नाहीत त्यांच्यासाठी किलोमीटरला एक रुपया ठेवा, त्याचे १,३०० होतात. त्याहून कमी देणाऱ्यालाही पावती द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं घराघरांतून मागून आणलेल्या मूठमूठ धान्यावरही चालली आहेत. आपल्याकडे शाळा अशाच उभ्या राहिल्या.

किलोमीटरमागे पैसे घेण्यात एक धोका आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्या तिसऱ्या मोहिमेत आम्ही प्रत्यक्ष चालवलेल्या अंतरावर पैसे मागितले होते. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाचा गुडघा सुजला. सामानाच्या सोबतच्या गाडीत बस म्हटलं तर तो बसेना. म्हणायचा, मी बसलो की माझ्या दात्यांचे पैसे थांबतील. दोन दिवस त्याने तसंच रेटलं आणि पुढचे पाच महिने त्याला जिना चढता येत नव्हता. तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे. वचन पत्रकात छापलेल्या पूर्ण अंतरावर घ्यायचं. सायकलस्वार आजारी पडला, पाऊस आला, मोहीम अर्ध्यावर मोडली, तरी रक्कम बदलत नाही. आणि पैसे निघण्याआधी घ्यायचे. किमान दोन तृतीयांश रक्कम शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय पहिलं पायडल मारायचं नाही. लोकांना वाटतं, वाटेत गावोगाव पैसे जमतील. जमत नाहीत. वाटेत हार मिळतात, चहा मिळतो, खूप प्रेम मिळतं. चित्रदुर्गच्या माणसाने सोलापूरच्या शाळेला का द्यावेत? पैसे देतात ती तुम्हाला ओळखणारी माणसं, आणि ती सोलापुरातच आहेत. म्हणून मोहिमेचं खरं काम निघण्याआधीच्या तीन महिन्यांचं आहे. सायकल चालवणं हे त्या तीन महिन्यांत दिलेल्या शब्दाचं पालन.

मागायचं कसं? प्रत्येकाने वहीत चाळीस नावं लिहायची. शाळेतले वर्गमित्र, नातेवाईक, ज्यांच्याकडे आपण वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आहोत ते दुकानदार, डॉक्टर, जुने साहेब. माझा अनुभव असा की समोर बसून मागितलं तर चार-पाचांतला एक जण पूर्ण रक्कम देतो, चाळीस नावांतून आठ होतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं तर अंगठे आणि नमस्कार येतात, पैसे येत नाहीत. त्याच ग्रुपमधल्या त्याच माणसाला फोन करून ‘दहा मिनिटं घरी येऊ का?’ विचारलं तर तो देतो. गेल्यावर रक्कम स्पष्ट बोला आणि मग गप्प राहा. बहुतेकांना इथेच जड जातं. मागून झालं की आपणच घाईने ‘नाही जमलं तरी चालेल हं’ म्हणून समोरच्याची सुटका करून टाकतो. त्याला विचार करू द्या. नाही म्हणाला तर मनापासून आभार मानून, पाणी पिऊन उठा. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पुन्हा जायचं आहे.

प्रायोजकांबद्दल माझं मत तुम्हाला फारसं आवडणार नाही. पहिल्या वर्षी कंपन्यांच्या मागे लागू नका. सामाजिक दायित्वाचा निधी देणाऱ्या कंपनीला संस्थेची वेगळी नोंदणी, लेखापरीक्षणाचे अहवाल, प्रकल्पाचा तक्ता असं सगळं लागतं आणि निर्णय त्यांच्या वेळापत्रकाने होतो. तीन महिने त्यात गेले तर चाळीस घरं राहून जातील. टी-शर्टवर नाव लावून दहा हजार देणारे भेटतील, ते घ्या, पण त्यांच्यासाठी मार्ग किंवा तारीख बदलू नका.

पैशाच्या वाटेबद्दल मात्र काटेकोर राहा. गणेश मंडळं वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून तात्पुरती परवानगी घेतात, हे आपल्याला माहीत आहे. सहा मित्रांनी स्वतःच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा केले तर त्यांनाही हेच लागू होतं. यातून सरळ वाट अशी की पैसा तुमच्या हातात येऊच देऊ नका. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा, चेक संस्थेच्या नावाचा, पावती संस्थेची. तुमच्यापैकी कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको, ‘नंतर वळता करतो’ म्हणूनसुद्धा नको. संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे का, देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मान्यता चालू आहे का, हे कागद डोळ्यांनी पाहा. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीला चालत नाही, तेव्हा मोठी रक्कम रोखीत घेऊच नका. आयकराची नवी पद्धत निवडलेल्यांना ही वजावट मिळत नाही, हेही दात्याला आधीच सांगा. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि परदेशातले वर्गमित्र. तिथे राहणारा पण अजून भारतीय नागरिक असलेला मित्र त्याच्या इथल्या खात्यातून देऊ शकतो. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि त्यासाठी संस्थेकडे वेगळी नोंदणी लागते. लहान शाळांकडे ती सहसा नसते. अशा मित्राला प्रेमाने नाही म्हणा.

हे इतकं पोटतिडकीने सांगते त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या मोहिमेत आम्ही तीन लाख वीस हजार जमवले आणि त्यातलेच एक लाख दहा हजार गाडी, हॉटेल, टी-शर्ट, बॅनर यांवर खर्च केले. सगळ्याची बिलं होती. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. महिन्याभराने एक वृद्ध गिरणी कामगार घरी आले. गिरणी बंद पडून त्यांचं काम जाऊन वर्षं झाली होती. त्यांनी पाचशे दिले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘ताई, माझ्या पाचशेतले पोरांपर्यंत किती गेले?’ मी हिशेब केला आणि सांगितलं, साधारण सव्वातीनशे. ते ‘बरं’ म्हणाले आणि चहा घेऊन गेले. त्या दिवसापासून मोहिमेचा खर्च सायकलस्वारांच्या खिशातून होतो. प्रत्येकाने स्वतःच्या राहण्या-खाण्याचे, डिझेलच्या वाट्याचे पैसे आधी काढून ठेवायचे. तुमच्या मोहिमेला माणशी पंधरा हजारांच्या आसपास लागतील. ज्याला ते जमत नाहीत पण यायचं आहे, त्याचा भार बाकीच्यांनी उचलायचा. देणगीतला रुपया शाळेतच गेला पाहिजे, आणि परतल्यावर महिन्याच्या आत खात्याचा उतारा सगळ्यांना दाखवता आला पाहिजे.

आता सायकलवर बसू. तुमची तारीख आणि दिवस दोन्ही बदला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तामिळनाडूच्या पावसाचा काळ आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालात तर दुसरा अर्धा मार्ग पावसात सापडू शकतो. संक्रांतीनंतर निघा. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुका झाल्या, शहर मोकळं झालं की त्यानंतरच्या सोमवारी. तिकडे पोंगलची गर्दीही तोवर ओसरलेली असते. सोमवार म्हणते कारण बंगळूर रविवारी सकाळी ओलांडायचं आहे.

आठ दिवसांत म्हणजे रोज १६० किलोमीटरच्या वर. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केलेल्या माणसाला एक दिवस २०० जमतात, त्यासाठी साडेतेरा तासांची मुदत असते. पण आठ दिवस सलग ही गोष्ट निराळी आहे. बारा दिवस सायकल आणि एक दिवस विश्रांती, असं करा. पहिला मुक्काम विजापूर, शंभर किलोमीटर. टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक. दुसरा इळकल, आपल्या इरकली लुगड्यांचं गाव. तिसरा होस्पेट, आणि चौथ्या दिवशी तिथेच थांबा. तुंगभद्रेचं धरण बघा, हंपीला जा, पण सायकलवर नको. पाचव्या दिवशी चित्रदुर्ग, हा लांबचा टप्पा आहे, जवळपास १३५. मग तुमकूर, आणि सातव्या दिवशी बंगळूर पार करून होसूर. पुढे कन्याकुमारीपर्यंत ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग: धर्मपुरी, नामक्कल, दिंडीगल, विरुधुनगर, तिरुनेलवेली. तेराव्या दिवशी समुद्र.

दोन जागांबद्दल आत्ताच सांगून ठेवते. विजापूर ते होस्पेट हा उघडा माळ आहे. जानेवारीत वारा बहुतेक पूर्वेकडून असतो आणि तुम्ही दक्षिणेला निघालेले, म्हणजे तो डावीकडून येतो. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला चालवतो, त्यामुळे हा वारा तुम्हाला वाहनांच्या बाजूला ढकलतो. त्यात मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि लगेच ट्रककडे खेचतो. हँडल घट्ट न धरता, कोपर सैल ठेवून हे सहन करायला शिकावं लागतं. दुसरी जागा धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूर घाट. दक्षिणेकडे जाताना तो उतार आहे आणि अवजड ट्रकांचे ब्रेक तिथे तापतात. अपघातांसाठी तो रस्ता बदनाम आहे. मी दोनदा तिथून गेले आणि दोन्ही वेळा सायकली गाडीत चढवल्या. तेवढ्या काही किलोमीटरनी मोहीम खोटी ठरत नाही. कन्याकुमारीआधी मुप्पंदलच्या पवनचक्क्या दिसू लागल्या की वारा पुन्हा सांभाळा, कारण तोवर शेवट जवळ आल्याच्या आनंदात माणूस निष्काळजी होतो.

सोलापूरच्या आसपासचा धोका मात्र तुम्हाला रोज दिसणारा आहे, म्हणून तो दिसेनासा झाला आहे. जानेवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस. त्याला ओलांडताना ट्रॅक्टर संपला असं वाटतं तोच दुसरी ट्रॉली असते. पडलेला ऊस चाकांखाली चिरडून रस्ता निसरडा झालेला असतो. म्हणून अंधारात एक किलोमीटरही नाही. जानेवारीत आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य उगवतो. पावणेसातला, नीट दिसू लागल्यावर निघा आणि दुपारी तीन-साडेतीनपर्यंत मुक्कामी पोहोचा. उशीर झाला तर उरलेलं अंतर गाडीतून.

गाडीबद्दल जवळजवळ सगळे गट एकच चूक करतात. ‘संरक्षण’ म्हणून गाडी सायकलींच्या मागे मागे, ताशी वीसच्या वेगाने चालवतात. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकसाठी ती गाडी म्हणजे रस्त्यात मांडलेला अडथळा असतो, आणि तिला धक्का बसला तर ती पुढे सायकलींवरच येते. आपल्या दिंड्यांचं बघा. सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर वारकऱ्यांच्या मागे रेंगाळत नाहीत, पुढच्या विसाव्याला जाऊन थांबतात. तसंच करा. गाडी पंधरा-वीस किलोमीटर पुढे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभी. सगळे सहा जण मोजून झाल्याशिवाय पुढे हलायचं नाही. सायकली एकामागे एक, मध्ये दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून. गप्पा मुक्कामी.

तयारीला बारा आठवडे ठेवा. शनिवार-रविवारी अक्कलकोटला जाऊन-येऊन ऐंशी होतात. तुळजापूर नव्वद, शेवटी घाट आहे, पायांना चांगला. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मोहोळमार्गे पंढरपूर करून या, ते जवळपास १४५. पण एका मोठ्या दिवसापेक्षा लागोपाठचे दोन मध्यम दिवस जास्त शिकवतात. शनिवारी ११० आणि रविवारी पुन्हा ११०, हे चार वेळा केलंत की तुमची बैठक, मान आणि गुडघे काय म्हणतात ते कळेल. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे. टाच पायडलवर ठेवून पाय खालच्या टोकाला सरळ व्हावा, इतकी ती वर हवी.

खाणंपिणं हा विषय आपल्या लोकांना सोपा जावा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे एक-दोन केळी किंवा केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. भूक लागायच्या आधी खायचं. नुसतं पाणी ढोसत राहणं घातक आहे, घामातून मीठ जात असतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण दुकानातल्या रंगीत पाण्याइतकंच काम करतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर बांधून घ्या. पंधरा दिवस टिकते, दह्यात चुरली की जेवण होतं, आणि नवव्या दिवशी सकाळी चौथ्यांदा इडली समोर आली की डोळ्यांत पाणी आणते. पोट बिघडलेल्याला त्या दिवशी सायकल नाही.

राहिली सायकल. नवी महाग सायकल घेऊ नका. जी आहे, बसायला जमते, गियर नीट पडतात, ती घ्या. हायब्रिड, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधली, सर्वांत बरी. टायर ३२ ते ३५ मिलिमीटरचे नवे बसवा. माळावरचे सराटे, बाभळीचे काटे आणि फुटलेल्या ट्रक टायरांच्या बारीक तारा यांनीच बहुतेक पंक्चर होतात. तार टायरच्या आत बोटाने चाचपून काढली नाही तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते. जमलं तर सहाही सायकलींची चाकं एका मापाची असू द्या, म्हणजे ट्यूब, टायर एकमेकांना चालतील. पंक्चर काढणं सहाही जणांना यायला हवं, घरी सराव करा. हेल्मेटशिवाय कुणी नाही, मागचा लाल दिवा दिवसाही चालू.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. निघण्याच्या दिवशी मुलांना रांगेत उभं करून, हातात झेंडे देऊन फोटो काढायचा बेत असेल तर सोडून द्या. त्यांची नावं, चेहरे, ‘विडीवालीचा मुलगा’ असली ओळख पत्रकावर छापू नका. दहा वर्षांनी तो मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हा ते चित्र त्याच्या मागे येऊ नये. मुलांना खरंच सामील करायचं असेल तर वर्गात भिंतीवर नकाशा लावा. रोज संध्याकाळी बाईंना फोन करून मुक्काम कळवा, मुलं टाचणी पुढे सरकवतील. आमच्या एका मोहिमेत असं केलं होतं. परत आल्यावर तिसरीतल्या एका मुलीने मला तुंगभद्रा कुठून कुठे जाते ते सांगितलं आणि मी हंपीत काय पाहिलं याची उलटतपासणी घेतली. तिचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, पण ती संध्याकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते.

परतीला कन्याकुमारीहून पुण्याकडे येणारी रेल्वे सोलापूरवरूनच जाते. तिकिटं निघण्याआधीच काढा. सायकलींसाठी तिथल्या पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी जा. हँडल वळवून, पायडल काढून, गोणपाटात बांधून प्रत्येकीवर नाव-पत्ता लिहा. गाडीत तुमच्याकडे दीडेक दिवस असतो. तेव्हा झोपा काढून झाल्या की वही काढा आणि दात्यांना पत्रं लिहा, हाताने, सहा जणांत वाटून. पत्रात शाळेचं कौतुक नको. तुमच्या तेरा हजारांत एका बाईंचा सव्वीस दिवसांचा पगार निघाला, तुमच्या तेराशेत एका मुलाचा जवळपास सत्याऐंशी दिवसांचा खाऊ झाला, एवढंच लिहा. यादीतल्या सर्वांत लहान रकमेपासून सुरुवात करा. गुंटकल येईपर्यंत निम्मी होतात, आणि सोलापूरला उतरलात की स्टेशनजवळच्या पेटीत टाकता येतात.